बोंडअळीचा दोष किसानाच्या माथी कशाला?

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली की कृषिखाते आणि बियाणे कंपन्या एकाच सुरात किसानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. त्याने बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय-ओळी लावल्या नाहीत, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटली नाही, फरदड घेतली! हा आरोप सोयीचा आहे. तो मान्य केला की मक्तेदारांना जाब विचारण्याचे कारणच उरत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? या पतंगाची अळी जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. बोंडात शिरून ती सरकी खाते. वरून फवारलेले विष तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यावरचा उपाय म्हणून २००२ मध्ये एका जनुकाचे व २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी बियाणे बाजारात आले. पण भारतात ही जनुके घातली गेली ती प्रामुख्याने संकरित वाणांत. संकरित सरकी राखून पुन्हा पेरता येत नाही. किसानाला दरसाल दुकानाची पायरी चढावीच लागते. त्यात बरेचसे वाण दीर्घ मुदतीचे, म्हणजे अळीला हिवाळाभर अन्नछत्र! देशातील बहुतेक कपाशी बीटी झाली आणि अळीने ते विष पचविले. २०१० मध्ये गुजरातेत पहिले जनुक निष्प्रभ ठरल्याची कबुली खुद्द मोन्सॅन्टोला द्यावी लागली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दुसऱ्याचाही फज्जा उडाला, २०२१ मध्ये पंजाब-हरियाणातील कपाशी पोखरली गेली.

आणि अमेरिकेत? तेथे शासन, शास्त्रज्ञ व उत्पादकांनी बीटी कपाशीला कामगंध सापळे आणि वंध्य पतंगांची जोड देऊन २०१८ मध्ये या किडीचे निर्मूलन जाहीर केले. तेथील कपाशी सरळ वाणांची. कीड तीच, तंत्रही तेच. भांडवलशाहीच्या पंढरीत जे जमले ते येथे का जमू नये?

बीटीमुळे फवारणी घटेल, असे आश्वासन होते. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी डिसेंबरात राज्य सरकारने भरपाई जाहीर केली, तिचा एक हिस्सा कंपन्यांवर टाकला. कंपन्या न्यायालयात गेल्या.

सार्वजनिक संशोधनातून आलेले ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण २००८ मध्ये मंजूर झाले आणि थोड्याच काळात वादात सापडून मागे घेतले गेले. तो प्रयत्न का फसला, हे किसानसभेच्या प्रत्येक शाखेने सरकारला विचारले पाहिजे. कमी मुदतीचे सरळ वाण सार्वजनिक संस्थांनी पुरवावे, आश्रय-बियाण्याची व सापळ्यांची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी आणि पोखरलेल्या प्रत्येक एकराची भरपाई, खंडकरी कसणाऱ्यासह, वसूल करून द्यावी.