दिवा विझविणें आणि दोष शोधणें

गेल्या आषाढांत आमच्या घरच्या मोटारींत एक पिवळा दिवा लागला. मोटारीचें चिमुकलें चित्र व तिच्या मागें दोन नागमोडी रेघा, असें त्याचें स्वरूप. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे रस्त्यावरील चाकांची पकड राखणारी जी यंत्रणा, तिचा हा दिवा. निसरड्या रस्त्यावर तो क्षणभर लुकलुकला तर भिण्याचें कारण नाहीं. यंत्रणा आपलें काम करीत आहे एवढाच त्याचा अर्थ. परंतु ती बंद करण्याची कळ कोणीं दाबलेली नसतां दिवा स्थिर जळूं लागला, तर यंत्रणेनें अंग काढून घेतलें असें समजावें. आमच्या घरीं तो दीड महिना पुनःपुन्हां लागत होता.

प्रथम या यंत्रणेचें मर्म सांगितलें पाहिजे. प्रत्येक चाकापाशीं एक वेगसूचक असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दांतेरी किंवा चुंबकीय कड्यावरून तो चाकाची गति मोटारींतील संगणकाला कळवितो. इंजिनाच्या जोरानें फिरणारें एखादें चाक इतरांहून जलद फिरूं लागलें, कीं तें घसरत आहे हें संगणक ओळखतो, आणि त्या चाकाला ब्रेक लावतो किंवा इंजिनाचा जोर कमी करतो. १९७८ सालीं बॉश कंपनीचे ॲन्टीलॉक ब्रेक मर्सिडीझ गाडींत आले. त्याच प्रकारच्या सूचकांच्या आधारानें पुढें ही यंत्रणा उभी राहिली. म्हणून पुष्कळदां हे दोन्ही दिवे एकदमच लागतात. चार साक्षीदारांपैकीं एक गप्प झाला, तर संगणक निकाल देण्याचेंच नाकारतो. नेहमींचे ब्रेक तेव्हांहि लागतात. पण ओल्या उतारावर ते जोरानें दाबल्यास चाकें जखडून गाडी घसरण्याचा संभव राहतो.

चिरंजीवांनीं गाडी गॅरेजमध्यें नेली. तेथील यंत्रानें संगणकाच्या स्मरणांतली तक्रार वाचली: उजव्या बाजूच्या पुढल्या चाकाचा सूचक. सूचक बदलला, दिवा गेला; तिसऱ्या दिवशीं पुन्हां हजर! दुसऱ्या गॅरेजनें त्या चाकाचें बेअरिंग बदललें. पांचव्या दिवशीं तोच प्रकार. तिसऱ्यानें संगणकच बिघडल्याचें सांगून चाळीस हजारांचा आंकडा ऐकविला. इकडे गणपति तोंडावर आलेले, कोंकणांत जावयाचें, आणि वाट ताम्हिणी घाटाची. चिरंजीव वैतागून म्हणाले, "दिव्यावर काळी पट्टी चिकटवितों आणि निघूं."

त्या वेळीं सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, सरळ रस्त्यावर दिवा कधींच लागत नाहीं. आपल्या फाटकांत शिरतांना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरविलें कीं लागतो."

आम्ही हांसलों. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास, असें म्हणून तिचें बोलणें उडवून लावलें. तिनें वाद घातला नाहीं. मुलाच्या वहीचें मागचें पान तेवढें आणून पुढें ठेवलें. आठ दिवसांत दिवा सहा वेळां लागला होता. साही वेळां स्टिअरिंग पूर्ण डावीकडे होतें. सरळ असतांना एकदांहि लागला नव्हता. बाळपणीं शास्त्र्यांपाशीं तर्कसंग्रह घोकलेल्या आम्हांला अन्वय आणि व्यतिरेक यांचा पाठ त्या वहीच्या पानावर वाचावा लागला. गाडी रोज तीच चालविते. तिला विचारण्याचें दीड महिन्यांत आम्हां कोणालाच सुचलें नाहीं!

दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन आम्ही जवळच्याच एका जुन्या मेकॅनिककडे गेलों आणि विनंती केली कीं, "कांहींएक बदलण्यापूर्वीं दोष आम्हांला दाखवा." त्यानें गाडी उचलून तें चाक हातानें फिरविलें, यंत्रावर गति दिसत होती. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेतांच गति शून्य झाली! वैशाखांत शॉकॲब्सॉर्बर बदलतांना सूचकाची तार धरून ठेवणारा चिमटा कोणीतरी परत बसविलाच नव्हता. त्यामुळें वळणावर तार ताणली जाऊन पलीकडील जोडाला हिसका बसे, आणि जोडामागील जुन्या तारेंतलें तांबें आंतल्या आंत तुटलें होतें. वरचें रबर अखंड असल्यामुळें तें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. सूचक बदलतांना तार हालली, तुटकीं टोकें पुन्हां टेकलीं, आणि दोन दिवस गुण आल्याचा भास झाला. तारेचा तेवढा तुकडा बदलून, पाणी शिरणार नाहीं असा जोड बंद करून, चिमटा बसविला. सहाशें रुपयांत काम झालें. मग संगणकाच्या स्मरणांतली तक्रार पुसली व मोकळ्या मैदानांत दोन्ही बाजूंना पुरीं वळणें घेऊन पाहिलें. दिवा लागला नाहीं.

ज्यांच्या घरीं असाच दिवा जळत असेल त्यांनीं आधीं बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्या. चारी टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले आहेत काय, हवा नेमकी आहे काय, बॅटरी अशक्त तर नाहीं? इंजिनाचा दिवाहि लागला असल्यास प्रथम इंजिन दुरुस्त करावें. कित्येक गाड्यांत इंजिन बिघडलें कीं ही यंत्रणाहि आपोआप बंद होते. तक्रार वाचणारें यंत्र ब्रेकचा संगणक वाचणारें हवें. स्वस्त यंत्रें बहुधा इंजिनापुरतींच असतात. तक्रारीचा अंक कागदावर लिहून घ्यावा, पण तो तक्रार कोठली तें सांगतो, अपराधी कोण तें सांगत नाहीं, हें विसरूं नये. सूचक, तार, जोड, कडें, बेअरिंग यांतील कोणीहि दोषी असूं शकतो. म्हणून दोष पुन्हां घडवून पाहिल्यावांचून नवा भाग बसवूं देऊं नये.

घाट आम्ही भर पावसांत उतरलों. गाडी सूनबाई चालवीत होती. मागल्या बाकावरून आम्ही दोनदां वाकून दिव्याकडे पाहिलें; तिसऱ्यांदां पाहिलें नाहीं. आमच्या त्या हांसण्याबद्दल तिची क्षमा आम्हीं घरीं मागितलीच होती. येथें वाचकांसमक्ष पुन्हां मागतों.