आधी टाके, मग पिल्लू

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात खरेदी सुरू होते. पुढून बटणांचे गाऊन, थर्मास, कमोडला लावायची खुर्ची. ही झाली यादीतली खरेदी. मनातली वेगळीच असते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ॲडमिट व्हायच्या आधी हट्टाने कुड्या करून घेतल्या होत्या. माझ्या मनात आलं कुत्र्याचं पिल्लू.

गाठी वाढल्यामुळे माझी पिशवी काढायची ठरली आहे, तीही पोट उघडून. आम्ही राहतो कळव्यात, खारीगावच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खाली वॉचमनच्या केबिनमागे एक काळी कुत्री व्यायली आहे. पाऊस सरून थंडी पडू लागली की भटक्या कुत्र्यांची पिल्लं गल्लोगल्ली दिसायला लागतात. यंदा त्यांचा मोसम आणि माझी तारीख एकदमच आली.

शेजारच्या वहिनींनी स्पष्टच विचारलं, “पिशवी जाणार म्हणून पिल्लू हवंय का गं?” मला राग आला नाही. प्रश्न अगदीच खोटा नव्हता, पण पूर्ण खराही नव्हता. तारीख पक्की झाली की माणसाचा पेशंट होतो. भेटेल तो हिमोग्लोबिन विचारतो, कॅलेंडरवर त्या एका चौकोनापुढे काहीच उरत नाही. पिल्लू म्हणजे त्या चौकोनापलीकडची गोष्ट. ते आणायचं म्हणजे पुढची दहा-बारा वर्षं मी इथेच आहे, असं आधीच सांगून टाकायचं. भीतीला दिलेलं हे उत्तर मला तरी गोड वाटलं.

पुण्याला शिकणाऱ्या लेकीने तर पुरावाच पाठवला. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृदयविकाराच्या 92 रुग्णांचा वर्षभर माग ठेवला आणि 1980 साली निष्कर्ष छापले. घरात पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले, नसलेल्या 39 जणांपैकी 11. “बघ आई!” मी बघितलं. हा अभ्यास लहान आहे. शिवाय त्या लोकांकडे प्राणी आधीपासून होते. त्यांनी दवाखान्यात जायच्या आठवड्यात दोन महिन्यांचं पिल्लू घरात आणलेलं नव्हतं. जुना, समजूतदार कुत्रा आजारपणात उशाशी बसतो. पिल्लू उशीच फाडतं.

मग मी कागद घेऊन बसले. माझ्या बाजूला: सहा आठवडे वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, भरलेल्या बादलीला हात लावायचा नाही, जिने जपून. पिल्लाच्या बाजूला: सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. डोस पुरे होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि रक्ती हगवणीने पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. आता ही दोन टाचणं एकमेकांशेजारी ठेवा. ज्या आठवड्यांत मला काही उचलायची बंदी, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याला उचलूनच न्यायला हवं. जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं, तरी तीन मजले खाली आणि तीन वर.

रात्रीचा हिशेब त्याहून वाईट. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे शू धरू शकत नाही. म्हणजे रात्री दोनदा उठायचं, वाकून फरशी पुसायची. त्याला माझं पोट आणि गादी यांतला फरकही कळणार नाही. कुत्र्याच्या लाळेतले जंतू ओल्या जखमेत गेले तर ती चिघळू शकते. तीन महिन्यांनंतर दात पडायला लागले की दिसेल ते चावणार. रेबीजची लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर ते पिल्लूच आहे म्हणून सोडून देता येत नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दंडावर सुयांचा कोर्स. ऑपरेशनच्या तोंडावर हे नवं प्रकरण कुणाला हवंय?

“मी बघीन की सगळं,” नवरा म्हणाला. मनापासून म्हणाला. पण तो सकाळी कळवा स्टेशनच्या गर्दीत शिरतो तो रात्रीच सुटतो. आपल्या घरांत ‘मी बघीन’ म्हणणारा एक असतो आणि पोछा घेऊन वाकणारी दुसरीच.

सोसायटीची अडचण नव्हती. कायद्याने नाहीच. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलेलं आहे. दत्ताच्या तसबिरीतल्या चारांना रोज हार घालून जिन्यातल्या एकावर कुरकुरणारे आमच्याकडेही आहेत, पण त्यांचं मी मनावर घेत नाही.

मला खटकलं ते दुसरंच वाक्य. सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी शेवटी म्हटलं, “नाही जमलं तर सोडायचं खाली. जन्म तिथलाच आहे त्याचा.” जन्म तिथला असेल, पण दोन महिने पंख्याखाली झोपलेलं पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडलं तर तिथली कुत्री त्याला आपलं मानत नाहीत आणि रिक्षा कुठून येते हे त्याला कळत नाही. प्राण्याला असं टाकून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात वडापावही जेमतेम येतो, म्हणून धाक कुणालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायला मुभा दिली, ती देतानाही हीच अट घातली: नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. ‘नाही जमलं तर’ हे शब्द ज्या घरात आधीच उच्चारले गेले, त्या घराने पिल्लू आणूच नये.

म्हणून ठरलं: आत्ता नाही. खालच्या पिल्लांच्या लसींचे पैसे आम्ही देणार, डॉक्टरला बोलवायचं काम वॉचमनचं. माझे सहा आठवडे संपून डॉक्टरांनी हिरवा झेंडा दाखवला की वर्ष-दीड वर्षाचा, लसी आणि नसबंदी झालेला मोठा कुत्रा घरी आणायचा. पिल्लांना घर पटकन मिळतं, मोठ्यांकडे कुणी वळत नाही. तेव्हा मला चालायला सांगतीलच. पारसिकनगरच्या 90 फुटी रस्त्यावर सकाळी एकटीने चालण्यापेक्षा सोबत बरी.

ज्यांच्या घरी कुत्रा आधीच आहे आणि ऑपरेशनची तारीख लागली आहे, त्यांनी दवाखान्याची बॅग भरतानाच त्याला फिरवणाऱ्या दोघांची नावं पक्की करावीत. दोघांची, कारण एकाला ऐन वेळी सर्दी होते. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी टाके निघून ताकद येईपर्यंत थांबावं. आणि पेशंटच्या प्रेमळ नातेवाइकांना विनंती: तिला बरं वाटावं म्हणून टोपलीत पिल्लू घालून आणू नका. सहा आठवडे रोज सकाळी येऊन तिच्या पाण्याच्या बादल्या तेवढ्या भरून द्या.