आंब्याची साल आणि आपली अक्कल

मिरजोळ्यात राहायचं आणि आंब्याच्या सालींबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. एप्रिल-मे आला की रस डब्यात जातो आणि साली? कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला. चार दिवसांत आंबूस वास, माश्या, आणि पहिल्या पावसात सगळं वहाळात. ह्याला आपण कचरा म्हणतो. मी इंधन म्हणतो.

बायोगॅसचं नाव काढलं की ठरलेला प्रश्न येतो, "मास्तर, गुरं कुठे राहिलीत आता?" अहो, गॅस गाय देत नाही, जिवाणू देतात! शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा. सालीतली साखर अजून शाबूत असते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे (आपल्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांचे नातू) यांनी हेच ओळखून खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी. संस्थेचा हिशेब असा, की ४० किलो शेण ४० दिवसांत जेवढा गॅस देतं, तेवढा साधारण दोन किलो पिठूळ वा गोड मालातून एका दिवसात मिळतो. २००६ साली ह्या कामाला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात तर १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढला होता. आणि आपण अजून साली फेकतोय!

दुसरा आक्षेप: "साली घातल्या आणि संयंत्र बंद पडलं." पडणारच. एक जिवाणू साखरेचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन. पहिले चपळ, दुसरे सावकाश. एकदम दहा पाट्या ओतल्या तर आम्ल साचतं, सामू साडेसहाच्या खाली जातो आणि मिथेनवाले संपावर जातात. म्हणून सुरुवात शेणाच्या काल्याने करावी, बाठे बाजूला काढावेत (ते कलमांना लागतातच), साली बारीक करून रोज थोड्या घालाव्यात आणि हळूहळू वाढवाव्यात. लिंबू-संत्र्याच्या साली बेतानेच, त्यांतलं तेल जिवाणूंना मारक असतं. हंगाम संपला की खरकटं आणि शिळा भात आहेच. लहान मुलाला जेवू घालण्याइतकंच हे शास्त्र.

तेव्हा दोष तंत्राचा नाही. उद्घाटनाला नारळ फोडायला पन्नास जण, दुसऱ्या दिवशी पाटी ओतायला एकही नाही. अनुदान द्यायचंच तर टाकी बसवल्यावर नको, वर्षभर शेगडी पेटल्यावर द्या. आणि कारखानदारांना सवलत कशाला? मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच म्हटलं होतं. त्यांच्या बॉयलरला इंधन लागतंच की! रसाचा नफा त्यांचा आणि सालीची घाण गावाची, हा कुठला न्याय?

असो. मुंबई-पुण्याच्या भाचेमंडळींनो, आमरसाचा डबा फोडाल तेव्हा एवढंच विचारा, ह्याची साल कुठे गेली? विकत घेणाऱ्याने विचारल्याशिवाय विकणारा हलत नाही.