गुन्ह्याआधीची चौकशी

२०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे व सीमा गावित या बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, तेव्हा पुष्कळांचा संताप झाला. तो अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. १९९० ते १९९६ या काळात या दोघींनी आई अंजनाबाई हिच्या संगतीने एकामागून एक मुले पळवली. चोरी करताना पकडले गेलो तरी कडेवर मूल पाहून जमावाचा हात उठत नाही, हा त्यामागचा हिशेब. मूल अडचणीचे झाले की त्याला संपवायचे! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, त्या वेळी त्या स्त्रिया आहेत यापलीकडे दयेला आधार न्यायालयास दिसला नाही. ज्यांची मुले परतली नाहीत त्या मातांसमोर दयेचा शब्द काढण्यास आमचीही जीभ रेटत नाही.

आम्हांस विचारायचे आहे ते निराळेच. नवऱ्याने टाकलेली, चोरीवर पोट भरणारी आणि मनात सूड बाळगणारी अशी ही आई. तिच्या हाताखाली या मुली वाढल्या. त्या स्वतः पोरवयात होत्या तेव्हा त्यांची विचारपूस कोणी केली? आई तर खटल्यापूर्वीच तुरुंगात मेली. अखेर फाशी टळली ती या बालपणाचा विचार होऊन नव्हे. दयेच्या अर्जावरील निर्णयाला साडेसात वर्षांहून अधिक विलंब लागला म्हणून. दप्तरदिरंगाईने दिलेल्या या जीवदानाला न्याय म्हणावे, असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की फाशीचा विचार करताना आरोपीचे बालपण, घरातील मारझोड वा हेळसांड, मानसिक स्थिती यांची माहिती खालच्या न्यायालयातच घेतली जावी. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२१ मध्ये फाशीच्या ८८ कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांतील ६२ टक्क्यांहून अधिक जण मनोरुग्ण आढळले.

यावर कोणी म्हणेल, दुःख कोणाच्या वाट्याला येत नाही? खरे आहे. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याण कॅम्पात उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी काही सुरे हाती घेतले नाहीत; त्यांनी दुकाने थाटली. पण त्यांच्याभोवती नातीगोती होती, जातभाई होते. गावित भगिनींभोवती आईखेरीज कोण होते?

सुरतेजवळच्या इच्छापोरपासून हजिऱ्यापर्यंत कारखाने उभे राहिले. कोठून कोठून माणसे पोटासाठी तेथे आली. आपल्या किनाऱ्यावरील औद्योगिक वसाहतींतही हेच चित्र आहे. आईबाप पाळीवर गेल्यावर मागे राहिलेल्या पोराला कोण मारतो, कोण फूस लावतो, याची खबर शेजाऱ्यालाही नसते. पोर चोरीत सापडले तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याच्या घरची चौकशी करून पंधरा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. हा अधिकारी खरोखर त्या खोलीपर्यंत जातो, की कचेरीत बसूनच रकाने भरतो? एकेकाच्या माथी किती मुले आहेत, हे आकडे सरकारने जिल्हावार छापावेत.