गाडीतला ‘बास’ अन् गावाची झोप. रात्री दहानंतर मीटरची वाट कशाला?

अमरावती-नागपूर महामार्गावरचे नांदगाव पेठ. इथे टोलनाका आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि रस्त्यालगत घरेही आहेत. काचा खाली अन् डिकीत वूफर अशी एक गाडी रात्री गेली, तरी खिडकीची तावदाने थरथरतात. पहाटेच्या पाळीचा कामगार, आजारी म्हातारा, परीक्षेचा विद्यार्थी असे सगळेच जागे होतात. ‘लग्नसराई आहे, चालायचंच’ म्हणून विषय मिटतो. तो मिटू नये.

मर्यादा किती?
ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाजवळच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. आवाज १० डेसिबलने वाढला की त्याची तीव्रता दहापट होते.

कारवाई कुठे अडते?
यंत्रणेची सवय एका जागी बांधलेल्या भोंग्याची. गाडी मात्र पळती. मीटर येईपर्यंत ती मोझरी गाठते. शिवाय नियमातले मोजमाप माणसाच्या कानाला धरून केलेले असल्याने खर्जातला आवाज त्यात कमी भरतो. ६३ हर्ट्झच्या ‘बास’मधून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. छाती धडधडते, आकडा मात्र सौम्य दिसतो.

मीटरशिवाय काय शक्य?
२०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री बंदिस्त सभागृहासारख्या जागा आणि आणीबाणी वगळता ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. ठरावीक सणांच्या दिवसांपुरती सवलत मिळते. या रात्रीच्या बंदीचा भंग झाला तरी नागरिकाला तक्रार करता येते, डेसिबलचा आकडा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करण्यास पोलिसांना सांगितले. गाड्यांच्या तक्रारींनाही तीच रीत लावावी. गावात वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्यांना त्याचाच आधार आहे.

काय व्हावे?
भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला कमाल दंड १,००० रुपये. वूफरवर हजारो खर्चणाऱ्याला तो जड नाही. म्हणून दंडापेक्षा गाडी थांबवणे महत्त्वाचे. टोलनाक्यावर वेग आपसूक कमी होतो. रात्री दहानंतर तिथेच तपासणी व्हावी. नांदगाव पेठ पोलीस ठाणे अमरावती आयुक्तालयात येते आणि या नियमांखाली पोलीस आयुक्तांना अधिकार आहेत. तेव्हा निर्णय मुंबईहून यायची गरज नाही.

नागरिकांनी ११२ वर गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ कळवावी. पाठलाग करू नये.

मात्र माप एकच हवे. पोराच्या कारला अडवायचे आणि पुढाऱ्याच्या मिरवणुकीतल्या, वरातीच्या ट्रॅक्टरवरच्या साउंड बॉक्सला वाट करून द्यायची, असे झाले तर नियमाचा धाक राहणार नाही. गाडी ज्याची त्याची. रात्रीची झोप मात्र सगळ्या गावाची आहे.