प्रकाशन एका दिवसाचं, विक्री वर्षभराची

आपल्यातल्या कुणी मराठीत पुस्तक लिहिलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. हॉल बुक होतो. प्रमुख पाहुणा शोधला जातो, शक्यतो आमदार, नाहीतर नगरसेवक. शाल, बुके, भाषणं, शेवटी बिर्याणी. व्हॉट्सॲपवर तीन दिवस 'मुबारक हो'चा पाऊस पडतो. चौथ्या दिवशी पुस्तकाचं नाव कुणाला आठवत नाही आणि उरलेले गठ्ठे लेखकाच्या दिवाणात जातात.

मी पनवेलजवळ करंजाडेत राहतो. सिडकोनं वसवलेली ही वस्ती. माझ्याच इमारतीत महाडचं, लातूरचं, सोलापूरचं मुस्लिम कुटुंब आहे. घरात कुठं कोकणी, कुठं दखनी. पण मुलं मराठीत वाचतात, मराठीत भांडतात. इथं शाळेच्या वह्या-पुस्तकांची दुकानं आहेत. कवितासंग्रह विकणारं दुकान मला अजून सापडलेलं नाही. म्हणजे वाचक आहे, लेखक आहे, मधला रस्ता नाही. तो रस्ता एका सोहळ्यानं तयार होत नाही, हे माझं म्हणणं आहे.

साधा हिशोब मांडू. समजा पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि प्रती ५००. छपाई प्रतीमागे ७० रुपये धरा. दुकानदार आणि वितरक मिळून ९० रुपये घेतले, तर लेखकाकडे उरतात ४०. सोहळ्यावर २५ हजार उडवले असतील, तर तेवढेच वसूल करायला ६२५ प्रती विकाव्या लागतील. छापल्यात ५००! आता तेच पुस्तक थेट वाचकाला विकलं, टपालखर्च त्यानं दिला, तर प्रतीमागे १३० रुपये राहतात. सव्वाशे प्रती अशा गेल्या की पुढच्या दोनशे छापायचे पैसे हातात. कर्ज नाही, कुणाची मेहेरबानी नाही.

कुणी म्हणेल, ही बनियागिरी झाली, साहित्य कुठं राहिलं? मग कॉम्रेड गोविंद पानसरेंकडे बघा. त्यांचं 'शिवाजी कोण होता?' हे पुस्तक मुळात भाषणातून आलेली एक छोटी पुस्तिका. १९८८ मध्ये आली. किंमत अशी ठेवलेली की कॉलेजातल्या पोरानं वडापावच्या पैशांतून घ्यावी. ती कशी विकली गेली? सभेच्या शेवटी टेबलावर, कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीतून, एका गावातून दुसऱ्या गावात. आवृत्तीमागून आवृत्ती निघाली, उर्दूसह अनेक भाषांत ती गेली, लाखाहून जास्त प्रती लोकांच्या हातात पडल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंची हत्या झाली, पण पुस्तिका त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती. आपल्यापैकी किती जणांनी शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांबद्दल वाद घालताना तिचा आधार घेतलाय, आठवून पाहा. पंचवीस-तीस वर्षं ती गरजेच्या वेळी हाताशी होती, म्हणून हे झालं.

ग्रंथाली ही वाचक चळवळ १९७०च्या दशकात उभी राहिली, तिनंही आधी वाचक जोडला. सभासद पैसे भरणार आणि त्यांना पुस्तकं कमी किमतीत मिळणार. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये तिथूनच आलं. आणि ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जाऊन या. चैत्यभूमीवर आलेला माणूस रांगेत तासन् तास उभा राहतो आणि परत जाताना पुस्तक विकत घेऊन जातो. खिशात फार नसतं तरी घेतो. तिथल्या बऱ्याच लेखकांना मोठ्या प्रकाशकानं कधी विचारलंही नसेल. त्यांना त्यांचा समाज पोसतो. आपल्याकडे लेखक ओळखीचा निघाला की पहिलं वाक्य असतं, "एक कॉपी दे ना यार." दोस्तहो, वलीम्यात हजाराचं पाकीट देणारे आपण दोनशे रुपयांच्या पुस्तकापाशी का अडतो?

१९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यानंतर लिहिणारे वाढले, यात शंका नाही. पण त्या पिढीची किती पुस्तकं आज मागितली तर मिळतात? झेरॉक्स शोधावी लागते. मग प्रकाशक सहज म्हणतो, "तुमच्या लोकांची पुस्तकं खपत नाहीत," आणि पुढच्या मुलीचं हस्तलिखित न वाचताच परत येतं. आपल्याविषयी मराठीत रोज लिहिलं जातं. ते कोण लिहितं, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या मुलीचाच विचार करा. तिला टेबल मांडून गावोगाव फिरणं कदाचित जमणार नाही. तिच्यासाठी टपाल आहे. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यावर छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं होतं. पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पाकिटात जाहिरात चालत नाही.

दुसरं, ग्रंथालयं. १९६७च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता मिळाली. आपल्या पनवेलच्या लिमये वाचनालयापासून सुरुवात करा. ग्रंथपालांना भेटा, पुस्तक दाखवा, बिल सोबत न्या. दानात दिलेली प्रत कपाटात जाते. विकत घेतलेल्या प्रतीची नोंद होते, ती मागितली जाते.

रील बूस्ट करण्यावर माझा फारसा भरवसा नाही. लाइक करणारा वेगळा आणि पत्ता पाठवणारा वेगळा. त्यापेक्षा शंभर वाचकांचे नंबर वहीत लिहा आणि त्यांनाही तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, नाहीतर ब्रॉडकास्टचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. महिन्यातून एकदाच लिहा. पुढचं पुस्तक छापायच्या आधी याच शंभर जणांकडून सवलतीत आगाऊ पैसे घ्या. प्रकाशनपूर्व सवलत ही मराठीतली जुनी रीत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या ईदच्या आधीच्या रविवारी करंजाडेत आम्ही काही जण सोसायटीच्या गेटजवळ टेबल लावतोय. दहा लेखक, प्रत्येकाच्या दहा प्रती. ईदी म्हणून द्यायला पुस्तक हवं असेल तर या. युपीआयचा कोड टेबलावर चिकटवलेला असेल. उधारी नाही आणि फुकट प्रतही नाही, लेखकाच्या सख्ख्या मामालासुद्धा नाही.