मुहूर्ताआधीचा निर्णय

लग्नाची तारीख ठरली की मुलीच्या पाळीची तारीख पाहिली जाते. दोन्ही जवळ येत असतील तर घरातीलच एखादी वडीलधारी स्त्री पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणवते, आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. प्रश्न मुहूर्ताचा व सोवळ्याचा असतो. परंतु त्या मुलीला लगेच मूल हवे आहे काय, नको असल्यास तिने कोणते साधन वापरावे, हा प्रश्न त्याच घरात कोणी उच्चारत नाही. पाळी लांबवणारी ती गोळी गर्भनिरोधक नव्हे, एवढेही पुष्कळदा तिला सांगितले जात नाही.

ही केवळ घराघरांतील भीड असती तर गोष्ट वेगळी होती. शासनाचा कार्यक्रमही याच भिडेवर उभा आहे. कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून भारताने १९५२ साली स्वीकारले, जगात सर्वांआधी. हिशेब मात्र डोकी मोजण्याचाच राहिला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या व त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. १९७७ च्या निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागल्यावर राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो इतकाच, की पुरुषाला हात लावू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया ५ टक्क्यांच्या आसपास, तांबी वापरणाऱ्या २ टक्के. लग्न, एक मूल, दुसरे मूल, शस्त्रक्रिया: असंख्य स्त्रियांच्या आयुष्यात पहिले साधन हेच शेवटचे ठरते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले.

अर्थशास्त्र ज्याला निवड म्हणते तिला वस्तू लागते, माहिती लागते आणि वेळ लागतो. वस्तूंची वाण आता फारशी नाही. निरोध, माला-एन गोळी, तांबी आणि अलीकडच्या काळात आलेली ‘छाया’ गोळी व ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन सरकारी आरोग्यसेवेत विनामूल्य आहेत. अडते ते वेळेपाशी. माला-एन पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच भरवसा देते. नंतर सुरू केल्यास सात दिवस निरोधही वापरावा लागतो. उच्च रक्तदाब असलेल्या, किंवा अर्धशिशी उठताना डोळ्यांपुढे चमकते अशा स्त्रीने ती घेऊ नये. म्हणजे आधी रक्तदाब मोजणारे कोणी हवे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेल्या छायात संप्रेरके नाहीत, पण पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा, न चुकता घ्यावी लागते. अंतरा थांबवल्यावर गर्भ राहण्यास बरेच महिने लागू शकतात. वर्षभराने मूल हवे असेल त्या जोडप्याने हे आधीच जाणलेले बरे. तांबी मूल झालेल्या स्त्रीनेच बसवावी हा समज चुकीचा आहे. रोगापासून बचाव करणारे साधन निरोध हे एकच. तरी नेहमीच्या वापरात वर्षाकाठी शंभरांत तेराजणींना दिवस जातात, म्हणून त्याच्या जोडीला दुसरे साधन असणे शहाणपणाचे. हे सारे लग्नाच्या रात्री ठरत नसते. मग धावाधाव होते ती बहात्तर तासांच्या गोळीसाठी. ती प्रसंगापुरती, तिला नेहमीचे साधन करू नये.

अविवाहितांना हे सांगणे म्हणजे त्यांना मोकळे रान देणे, हा आक्षेप जुनाच आहे. याच आक्षेपापायी २००७ साली महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षण रोखले. त्यातला विसंगतीचा भाग असा, की वरील सर्वेक्षणातच २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळते. ऐकण्यास लहान आणि नांदण्यास मोठी! अविवाहितेच्या बाबतीत कायदा पुढे गेला आहे. साधन निकामी ठरल्यास गर्भपाताचा अधिकार तिलाही आहे, हे २०२१ च्या दुरुस्तीने मान्य केले आणि २०२२ च्या निकालाने विस्तारले. परंतु आशाताईंची नोंदवही पात्र जोडप्यांपासून सुरू होते. गर्भ राहिल्यावर जिला कायदा ओळखतो, तिला त्याआधी त्या वहीत जागा नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते देशाची लोकसंख्या आटोक्यात आणण्यापुरते नव्हे. भयावाचून सुख घेण्याचा स्त्रीला अधिकार आहे, हे त्यांच्या मांडणीचे मूळ होते. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. पुढे कार्यक्रम शासनाचा झाला आणि अधिकाराची जागा उद्दिष्टाच्या आकड्याने घेतली. आता जननदर २.० वर आल्यावर आकड्याचा युक्तिवादही उरलेला नाही. २०२४ साली आंध्रचे मुख्यमंत्री अधिक मुलांची भाषा बोलू लागले. कमी हवीत म्हणणारे आणि जास्त हवीत म्हणणारे, दोघेही स्त्रीला विचारत नाहीत.

गर्भनिरोध ही बायकांची बाब, असे सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के पुरुषांनी सांगितले. त्यांत चळवळीतले कोणी नसतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याआधी गावच्या उपकेंद्रात जाऊन कपाटात छायाची पाकिटे आहेत काय, रक्तदाबाचे यंत्र चालते काय, आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींना एकत्र बसवून बोलण्यास परिचारिका तयार आहे काय, हे पाहून येण्यास कार्यकर्त्याला पक्षाच्या ठरावाची गरज नाही.